शिवेपलीकडचा केर

१८ ऑगस्ट, सोमवार

तोंडानं बोलले की भांडण होतं, म्हणून आजपासून लिहून काढायचं ठरवलंय. रितेश म्हणतो, "लिही बाई, निदान माझे कान वाचतील." नवरा म्हणून हा एवढाच आधार.

झालं असं की ग्रामसभेत मी उठले आणि म्हटलं, एस.टी. थांब्यापाशी उकिरडा झालाय, धसईहून आलेला पाहुणा उतरतो तो नाकाला रुमाल लावूनच, पंचायतीला लाज कशी वाटत नाही? बोलताना विसरलेच की मी स्वतः पंचायतीची मेंबर आहे. सरपंच शीतलताई गोड हसल्या. म्हणाल्या, "मीनावहिनींना एवढी कळकळ आहे, तर कचऱ्याच्या तक्रारी आजपासून त्यांच्याकडे." टाळ्या काय वाजल्या! उचलली जीभ लावली टाळ्याला, आता भोगा.

माझा नंबर गावाच्या ग्रुपवर टाकला. घरी पोचेपर्यंत फोन तापला होता.

२० ऑगस्ट

एकेक तक्रार म्हणजे नमुना आहे. एकाच्या दारात शेजाऱ्याच्या शेळीच्या लेंड्या पडतात. एकाला हायवेवरून येणारे बंगलेवाले रविवारी पिशव्या फेकतात त्याचा राग. योगिनी मॅडम (शाळेतल्या) रोज सकाळी फोटो पाठवतात, शुभ सकाळच्या फुलाखाली कचऱ्याचा ढीग. आणि भाविक, ज्याचं फाट्यावर चिकन सेंटर आहे, तो मला विचारतो, "मेंबर, गाव कधी साफ होणार?" अरे बाबा, अर्धा उकिरडा तुझ्या कोंबड्यांच्या पिसांचा आहे!

कचरा उचलायला पंचायतीचा ट्रॅक्टर आहे आणि ट्रॅक्टरवर नामा आहे. पण उचलून टाकायचा कुठे, तर जागाच नाही. जागेचा कागद मुरबाडला तालुक्याच्या कचेरीत पडून आहे. मी विचारलं, मग इतकी वर्षं कुठे टाकतोस? नामा म्हणाला, "जिथं वरडा कमी तिथं टाकायचा, वैनी."

मी म्हटलं, ही काय पद्धत झाली?

२३ ऑगस्ट

थांबा चकाचक! मी स्वतः पदर खोचून उभी राहिले. नामानं सगळं भरलं आणि शाळेच्या मागच्या उतारावर टाकलं, तिथून रस्त्यावरून काही दिसत नाही. आधीचा आणि नंतरचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठेच अंगठे. शीतलताईंनी फुलांचा गुच्छ पाठवला, चित्रातला.

सासूबाईंना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "थांबा दिसतोय गो, पण घाण गेली कुठं?" म्हाताऱ्या माणसांना चांगलं म्हणायचं जिवावर येतं.

२९ ऑगस्ट, गौरी-गणपतीच्या गडबडीत

योगिनी मॅडम घरी येऊन भांडून गेल्या. पोरांच्या डब्यांवर माश्या बसतात, खिचडी उघडी ठेवता येत नाही. त्यांचं बरोबर आहे, पण गणपतीसमोर मोदक वळत असताना एवढ्या मोठ्यानं?

नामाला बोलावलं. दोघांनी डोकं खाजवलं. शेवटी खालच्या वाडीकडे रस्ता उतरतो त्याच्या वळणावर टाकायचं ठरलं. आजूबाजूला एकही घर नाही. नामा म्हणाला, "तिथं बोंबलायला कोन नाय."

तक्रार निकाली. मोदक मात्र फुटले.

३ सप्टेंबर

भागी आली होती. खालच्या वाडीतली, धसईच्या बाजारात काकड्या-चिबूड विकते ती. पंचायतीच्या पायरीवर सकाळपासून बसली होती. मी बाहेर आले तशी उठली.

"मेंबरीणबाय, हिरीच्या पान्याला वास येतो."

मी तिला नीट समजावून सांगितलं की माझ्याकडे कचरा आहे, पाणी नाही. पाण्याची कमिटी वेगळी, त्यासाठी ग्रामसेवकांना भेट, ते गुरुवारी येतात. शिवाय वाडीचा वॉर्डही माझा नाही.

"मंग मी कोनाला सांगू?"

"सांगितलं ना, गुरुवारी."

तिनं फडक्यातून एक चिबूड काढून पायरीवर ठेवलं आणि गेली. रात्री गूळ घालून खाल्लं. इतकं गोड की सासूबाईंनी बिया वाळत टाकल्या.

९ सप्टेंबर

आज भाविकशी असं वाजलं की फाट्यावरची रिक्षासुद्धा थांबली. वळणापाशी त्याचं वरकस, पडीक रान आहे, तिथे त्यानं बंगल्याचे प्लॉट पाडायला घेतलेत. मुंबईहून गिऱ्हाईक आलं आणि नाक मुरडून परत गेलं.

"माझ्या बांधावर घान कोनी टाकली? मी तालुक्याला अर्ज करीन!"

"त्या घाणीत पिसं कोणाची आहेत रे?"

"पिसं माझी असतील, पन टाकली पंचायतीनं!"

आहे का उत्तर? स्वतःच्या कोंबड्या स्वतःच्या बांधावर आल्या तर केवढा जळफळाट! पण अर्ज म्हणाला आणि शीतलताई घाबरल्या, कारण दिवाळीनंतर स्वच्छ गावाची पाहणी करायला तालुक्याची माणसं येणार आहेत. मला म्हणाल्या, "वहिनी, काय वाट्टेल ते करा, पण तक्रार नको."

नामानं तिथे टाकणं बंद करून काय होणार? लोकांना आता ती जागा माहीत झाली. ट्रॅक्टरची वाट कोण बघतो? गाडीवरून जाता जाता पिशवी भिरकावतात.

१३ सप्टेंबर

सुचलं! कल्याणला रितेशच्या ताईच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या कोपऱ्यात लोक थुंकायचे, तिथे देवाच्या फरशा लावल्या आणि थुंकणं बंद झालं. मग आपणही वळणावर देवच बसवावा. पाटी कोण वाचतो? "येथे कचरा टाकू नये" या पाटीखालीच आपल्याकडे सगळ्यात जास्त कचरा असतो.

नामानं ओढ्यातून एक बरा गोटा आणला. सासूबाई आधी खवळल्या. "उकिरड्यावर देवाला राखणीला बसवतेस? तुझी मती फिरली काय?" मग स्वतःच शेंदूर आणि तेलाची वाटी काढून दिली, म्हणाल्या, "बसवतेस तर नीट तरी बसव." आधी जागा झाडून घेतली, सगळं रस्त्याच्या मोरीखाली लोटलं, गोट्याला शेंदूर फासला, नारळ फोडला. नामानं पाया पडून प्रसाद खाल्ला, आणि मला तर हसूच आवरेना.

१७ सप्टेंबर

देवानं काम केलं! वळणावर एक पिशवी नाही. भाविक स्वतः उदबत्ती लावून गेला म्हणे. ग्रुपवर शांतता. मुरबाडच्या साहेबांना जमलं नाही ते माझ्या एका गोट्यानं केलं.

नामा म्हणाला, "वैनी, लोक आता मोरीच्या पलीकडं टाकतात. शिवेच्या दगडापल्याड. मीबी ट्रॉली तिथंच खाली करतो."

"शिवेपलीकडे ना? मग सुटलो. गावात तर नाही."

तो काहीतरी बोलणार होता, पण पंचायतीच्या पायरीवरून भागी पुढे आली. परत! या वेळी तांब्या घेऊन आली होती, माझ्या नाकाशी धरला. वास होता खरा, गटारासारखा. मी म्हटलं, भागी, पावसाळ्यात सगळ्यांचंच पाणी बिघडतं, तुरटी फिरव, उकळून घे. गुरुवारी ग्रामसेवक भेटले नाहीत का?

"भेटले. ते बोलले, घान हाय तर मेंबरीणबायला भेट."

घ्या! त्यांनी आपल्या अंगावरचं माझ्या अंगावर ढकललं. मला असा संताप आला की मी तिथूनच त्यांना फोन लावला आणि चांगले दोन शब्द सुनावले. पाणी त्यांचं काम आहे, माझं नाही. फोन ठेवेपर्यंत भागी निघून गेली होती. तांब्या पायरीवरच राहिला. पाणी मी तुळशीत ओतणार होते, मग नको वाटलं.

२५ सप्टेंबर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरात्राआधी घरं झाडून झाली आणि ज्याच्या घरात जुनी तसबीर, तुटका गणपती, मागच्या सालचं देवाचं कॅलेंडर, जे फेकायला हात धजत नाही ते सगळं माझ्या गोट्यापाशी! फुटक्या काचा, वाळके हार, नारळाच्या शेंड्या. योगिनी मॅडमनी फोटो पाठवला, शुभ सकाळसकट.

नामाला म्हटलं, उचल.

"देवाला हात नाय लावनार, वैनी. माझ्या घरात पोरंबाळं हायत."

"अरे तू स्वतः आणलास ना गोटा ओढ्यातून!"

"तवा तो गोटा व्हता."

शेवटी मीच मनात क्षमा मागत सगळं गोणीत भरलं. नामानं गोणी बघितली नाही, मी चढवली नाही, अशा बोलीवर ती मोरीपलीकडे गेली. सासूबाई रोज वळणापर्यंत फूल घेऊन जातात. म्हणतात, देव जागृत आहे, भाविकचा एक प्लॉट विकला गेला.

८ ऑक्टोबर

काल रात्रभर वाटेल तसा कोसळला. कापायला आलेला भात आडवा झाला. आमच्या दोन वाफ्यांत पाणीच पाणी. रितेश आणि मी सकाळपासून बांध फोडत होतो.

संध्याकाळी नामा भेटला. मोरीपलीकडचा अर्धा ढीग वाहून गेला म्हणाला. चला, पावसानं एक तरी काम फुकट केलं!

शीतलताई खूश आहेत. पूर्ण आठवड्यात कचऱ्याची एकही तक्रार नाही. पाहणीवाल्यांना दाखवायला माझे फोटो मोठे करून घेणार आहेत.

१३ ऑक्टोबर

आशा वर्कर रुपा सांगत होती, खालच्या वाडीत जुलाब-उलट्या सुरू आहेत. भागीची सून, तिचं नाव लहानी, मुरबाडच्या दवाखान्यात सलाईनवर आहे. पोटुशी आहे म्हणे.

मी लगेच नामाबरोबर विहिरीत टाकायची पावडर पाठवली. आपलं काम नव्हतं, तरी पाठवली. बाजारातलं काही उघड्यावरचं खाल्लं असेल.

रात्री जेवण गेलं नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

१४ ऑक्टोबर

रुपाला विचारून घेतलं, वाडीची विहीर नक्की कुठे आहे. ती म्हणाली, मोरीच्या खाली. म्हणजे किती खाली? "बघा ना जाऊन, वहिनी." मी कधी गेलेच नाहीये. मतं मागायलासुद्धा नाही, तो वॉर्ड वेगळा. नामा फोटो पाठवतो तो ट्रॉलीचा आणि रिकाम्या रस्त्याचा.

भात कापणीला माणसं मिळत नाहीत. दिवाळी झाली की बघू.

१९ ऑक्टोबर

घर रिकामं केलं. पोटमाळ्यावरची निळ्या फुलांची गादी, माझ्या लग्नातली, उंदरांनी खाल्लेली, तीही काढली. नामाची ट्रॉली दारात होतीच. सासूबाईंचा गुडघा सुजलाय. म्हणाल्या, "औंदा पाडव्याचा केर तुला न्यावा लागंल गो." इतकी वर्षं तो मान त्यांचा होता, मला कधी हात लावू दिला नाही. मला उगाच बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज लिहायचंच आहे.

पहाटे उठले. सासूबाई ओट्यावर बसून सांगत होत्या तसं केलं. आतल्या खोलीपासून दारापर्यंत झाडत आले, केर जुन्या टोपलीत भरला, वर झिजलेली केरसुणी ठेवली, पणती ठेवली. मग सूप वाजवत निघायचं, इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो. शिवेपलीकडे टोपली ठेवायची आणि मागे वळून बघायचं नाही. हे त्यांनी तीनतीनदा बजावलं. वळून बघितलं की अवदसा पाठीमागून घरी येते.

गावातल्या सगळ्या घरच्या बाया होत्या. सुपांचा ठणठणाट, हसणं, कोणाची पणती विझली म्हणून ओरडा. शेंदराच्या गोट्याला हात जोडले, मोरी ओलांडली, शिवेच्या दगडापलीकडे गेलो. वास आला. पुढच्या बाया पदर नाकाला लावून पटापट टोपल्या ठेवून वळत होत्या. मीही ठेवली आणि वळले.

दोन पावलं गेले असेन. मागून कोणीतरी खोकलं आणि मी वळून बघितलं.

तोवर उजाडलं होतं. टोपल्या ज्यावर ठेवल्या ती जमीन नव्हतीच, तो ढीग होता. पिशव्या, पिसं, बंगलेवाल्यांच्या बाटल्या, काचा, कॅलेंडरातले देव. ढीग उतारानं खाली गेला होता, चिखलातून त्याची वाट दिसत होती, आणि त्या वाटेच्या टोकाला विहीर. कठडा नाही, नुसती दगडांची कड. कडेपाशी माझी निळ्या फुलांची गादी अडकली होती, अर्धी पाण्यात.

विहिरीशेजारी भागी काठी घेऊन बसली होती. काठीनं पिशव्या बाहेर ओढत होती. ओढायची, बाजूला ठेवायची, परत ओढायची. मला बघून उठली आणि वर चढून आली. तिच्या हातातही टोपली होती, वर पणती होती. म्हणजे पाडवा तिच्याही घरी होता.

मी विचारलं, "लहानी कशी आहे?"

"घरी आणली. पोटातलं ऱ्हायलं नाय."

ती रडत नव्हती. रागानं बघत होती, आणि तिला बघायचा हक्क होता.

"आमच्या घरचा बी केर हाय, मेंबरीणबाय. तुमी शिवेवर आनून टाकता. आमची शीव कुठं? पुढं नदी हाय, तिचं पानी आता आमीच पितो. आमी कुठं टाकू, सांग."

मी सगळ्या गावाला उत्तरं दिली. थांब्यावाल्यांना दिलं, मॅडमना दिलं, भाविकला तर देव बसवून दिला. हिला काय देऊ? तिसऱ्यांदाही म्हणायचं का, पाणी माझ्याकडे नाही?

मी खाली वाकले आणि माझी टोपली उचलली. पणती अजून जळत होती.

गावात शिरले तर बाया वाट सोडून बाजूला व्हायला लागल्या. "अगो मीना, केर परत आनलास? येड लागलं काय?" एकीनं पोराला घरात ओढलं. दारात सासूबाईंनी रांगोळी काढली होती. टोपली बघितली आणि किंचाळल्या, "अवदसे! पाडव्याच्या दिवशी इडा पिडा घरात घेऊन आलीस? आमचं वाटोळं करतेस?"

"आपलीच आहे, आई. आपल्या घरातून काढलेली." मी टोपली ओट्यावर ठेवली.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग मी सगळं सांगितलं. गादीचं सांगितलं. लहानीचं सांगितलं. त्या ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "चिबूड तिनंच दिलं व्हतं ना?"

नामा फराळाला आला तर त्याला फराळ दिला नाही. म्हटलं, आधी पिंपं भरून नळाचं पाणी वाडीत पोचव. उद्या माणसं घेऊन खाली जाऊ, सगळं ट्रॉलीत भरायचं, आणि ट्रॉली पंचायतीच्या दारात खाली करायची.

"पंचायतीच्या? वैनी, लोक मारतील!"

"मारू देत. मुरबाडचा कागद त्याशिवाय हलायचा नाही."

शीतलताईंचा फोन आला, कोणीतरी चुगली केलीच होती. पाहणी सोमवारी आहे, टोपली गुपचूप शिवेवर ठेवून या, विषय मिटवा. मी विचारलं, "ताई, वाडीची शीव कुठे येते?" त्या हॅलो हॅलो करत राहिल्या, मग फोन कट झाला.

दुपारी सासूबाई लंगडत ओट्यावर आल्या. टोपलीतल्या पणतीत तेल घातलं आणि आत गेल्या.

आता संध्याकाळ झाली आहे. रितेश पलीकडे तोंड करून बसलाय, भाऊबीजेला कल्याणच्या ताईकडे काय सांगायचं याची त्याला काळजी. पूर्ण पंधरवड्यात ग्रुपवर आलेली कचऱ्याची पहिली तक्रार समोर आहे, फोटोसकट. आमचा ओटा, टोपली, केरसुणी. खाली योगिनी मॅडमनी लिहिलंय, "मेंबरच्याच दारात सणाच्या दिवशी कचरा! आता तक्रार करायची कोणाकडे?"

मी उत्तर लिहिलं. खालच्या वाडीत, विहिरीवर भागी बसली आहे. तिच्याकडे.